नाकारलेले अध्यासन: यहुदीविद्या, विद्यापीठ आणि एका पदनामाची किंमत

१/
नोव्हेंबर १९३८. जर्मनीभर यहुद्यांची प्रार्थनागृहे पेटवली गेली आणि हजारो यहुदी पुरुषांची रवानगी छळछावण्यांत झाली. त्यांत बर्लिनचे आर्थर श्पानियर नावाचे एक विद्वान होते. प्रशियाच्या सरकारी ग्रंथालयातील हिब्रू विभागात त्यांनी अनेक वर्षे काम केले होते. नाझींनी तेथून काढल्यावर ते एका यहुदी विद्यासंस्थेत शिकवत होते. अमेरिकेतील सिनसिनाटी शहरातल्या हिब्रू युनियन कॉलेजने नोकरी देऊ केली, म्हणून त्यांची छावणीतून सुटका झाली. पद ठरले होते, वेतनाची हमी होती. उरला होता तो केवळ व्हिसा.

२/
व्हिसा मिळाला नाही. अमेरिकी अधिकाऱ्यांचा आक्षेप असा, की हे गृहस्थ मुळात ग्रंथपाल आहेत, प्राध्यापक नव्हेत. शिवाय बर्लिनमध्ये ते जेथे शिकवतात ती संस्था उच्च शिक्षणाची मानावी का, याविषयीही शंका होती. एखाद्या विद्वानाला 'प्राध्यापक' म्हणायचे की नाही, आणि त्याच्या संस्थेला विद्यापीठाचा दर्जा द्यायचा की नाही, हा वाद १९३९ मध्ये अकस्मात उद्भवला नव्हता. त्याची मुळे सव्वाशे वर्षे मागे जातात. या धाग्यात तीच कथा आहे.

३/
१८१८ साली बर्लिनमध्ये लेओपोल्ड त्सुन्झ या २३ वर्षांच्या विद्यार्थ्याने एक छोटी पुस्तिका प्रसिद्ध केली. विषय होता रब्बींचे वाङ्मय. त्सुन्झ लहानपणीच पोरका झाला होता. व्होल्फनब्युटेल येथील एका धर्मादाय यहुदी शाळेत तो वाढला. बर्लिन विद्यापीठात फ्रीडरिख आउगुस्ट व्होल्फ आणि आउगुस्ट ब्योक या नामवंत अभ्यासकांकडून त्याने ग्रीक-लॅटिन ग्रंथांच्या चिकित्सेचे शास्त्र आत्मसात केले. होमरला लावली जाते तीच कसोटी हिब्रू ग्रंथांना का लावू नये, हा त्याचा प्रश्न होता.

४/
त्सुन्झची मांडणी व्यापक होती. यहुद्यांनी मध्ययुगात लिहिले ते केवळ धर्मशास्त्र नव्हते. त्यात काव्य होते, खगोलशास्त्र, गणित, वैद्यक, भूगोल, कायदा, व्यापार होता. या साऱ्याची सूची करावी, काळ ठरवावा, पाठ तपासावेत आणि मानवजातीच्या इतिहासात त्याला त्याचे स्थान द्यावे, असे त्याचे म्हणणे. चारच वर्षांनी, १८२२ मध्ये, त्याच्या मित्रमंडळाच्या नियतकालिकात या उद्योगाला नाव मिळाले. मराठीत त्याला 'यहुदीविद्या' म्हणता येईल.

५/
भारतीय वाचकाने येथे क्षणभर थांबावे. त्याच १८१८ साली प्रशियाच्या बॉन विद्यापीठात आउगुस्ट विल्हेल्म श्लेगेल यांची नेमणूक झाली आणि जर्मनीतील भारतविद्येच्या अध्यापनाला आरंभ झाला. १८२१ मध्ये फ्रान्झ बोप बर्लिन विद्यापीठात आले. गंगेकाठच्या संस्कृतासाठी प्रशियाच्या तिजोरीत पैसा होता. बर्लिनच्याच गल्ल्यांत राहणाऱ्या लोकांच्या दोन हजार वर्षांच्या वाङ्मयासाठी मात्र एकही जागा नव्हती. दूरच्या प्राचीनांचा अभ्यास सरकारला निर्धोक वाटे. शेजारच्या जिवंत माणसांचा अभ्यास मात्र गैरसोयीचा होता.

६/
हिब्रू भाषा जर्मन विद्यापीठांत शिकवली जात नव्हती, असे नाही. ख्रिस्ती धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्यांना 'जुना करार' वाचण्यासाठी ती लागे. परंतु त्या अध्ययनात यहुदी लोक ख्रिस्तापाशी येऊन थांबत. त्यानंतरची अठरा शतके, म्हणजे तालमूद, स्पेनमधील हिब्रू कवी, मैमोनिदेस, मध्ययुगीन भाष्यकार, यांचा इतिहास असूनही नसल्यासारखा होता. त्सुन्झची मागणी नेमकी या रिकाम्या शतकांसाठी होती.

७/
नोव्हेंबर १८१९ मध्ये बर्लिनमधील काही तरुणांनी यहुद्यांच्या संस्कृती व विद्येसाठी एक मंडळ स्थापन केले. त्यात त्सुन्झ होता, कायद्याचा बुद्धिमान अभ्यासक एडुआर्ड गान्स होता आणि पुढे कवी हाइनरिख हाइनेही सामील झाला. मंडळींची श्रद्धा अशी, की १८१२ च्या राजाज्ञेने प्रशियातील यहुद्यांना नागरिकत्व दिले आहे, अध्यापनाच्या पदांचे दारही उघडले आहे; आता फक्त योग्यता सिद्ध करायची. योग्यता सिद्ध झाली की समाज मान देईल, हा त्या पिढीचा भाबडा आणि उदात्त विश्वास होता.

८/
त्या विश्वासाची परीक्षा गान्सने घेतली. हायडेलबर्गची डॉक्टरेट मिळवून त्याने बर्लिन विद्यापीठाकडे पद मागितले. विधी शाखेत साव्हिन्यी यांच्यासारख्या प्रतिष्ठितांचा विरोध होता. प्रकरण राजापर्यंत गेले आणि ऑगस्ट १८२२ मध्ये राजाज्ञा निघाली: यहुद्यांना विद्यापीठीय अध्यापनाची पदे देता येणार नाहीत. १८१२ चे आश्वासन एका फटक्यात मागे घेतले गेले. एका उमेदवारासाठी काढलेल्या या आज्ञेला इतिहासात 'गान्स कायदा' असे नाव पडले.

९/
उरला एकच मार्ग. डिसेंबर १८२५ मध्ये गान्सने पॅरिसमध्ये बाप्तिस्मा घेतला. पुढल्याच वर्षी तो बर्लिन विद्यापीठात रुजू झाला. कालपर्यंत जी विद्वत्ता अपुरी होती, ती आज पुरेशी ठरली. पुढे त्याच्या व्याख्यानांना बसणाऱ्या विद्यार्थ्यांत कार्ल मार्क्स हा एक होता. गान्सच्या धर्मांतरावर हाइनेने कडवट कविता लिहिली. पण स्वतः हाइनेही त्याच वर्षी जूनमध्ये बाप्तिस्मा घेऊन मोकळा झाला होता. मंडळ तर १८२४ मध्येच विसर्जित झाले होते.

१०/
त्सुन्झ मात्र यहुदीच राहिला. पोटासाठी त्याने काय केले नाही? काही काळ प्रवचनकार झाला, पण श्रोत्यांशी जमेना. मग बर्लिनच्या एका वृत्तपत्रात परदेशी बातम्यांची भाषांतरे केली. यहुदी प्राथमिक शाळेचा मुख्याध्यापक झाला. प्रागमध्ये प्रवचनकाराची जागा पत्करली आणि वर्षभरात परतला. १८४० पासून दहा वर्षे यहुदी शिक्षक घडवणाऱ्या एका अध्यापनशाळेचा संचालक होता. या साऱ्या धावपळीत उरलेल्या वेळात एका नव्या विद्याशाखेचा पाया घातला जात होता.

११/
हे संशोधन केवळ ग्रंथालयाच्या धुळीत राहिले नाही. प्रशिया सरकारने १८२३ मध्ये प्रार्थनागृहांतील जर्मन प्रवचने 'नवी रीत' म्हणून बंद पाडली होती. १८३२ मध्ये त्सुन्झने आपला महाग्रंथ काढला आणि प्राचीन काळापासूनचे शेकडो दाखले देऊन दाखवले, की लोकांच्या बोलीत प्रवचन करणे हीच यहुद्यांची जुनी परंपरा आहे. सरकार जिला नवी म्हणून बंद करत होते ती रीत कित्येक शतके जुनी निघाली.

१२/
१८३६ मध्ये आणखी एक फर्मान आले: यहुद्यांनी ख्रिस्ती नावे ठेवू नयेत. बर्लिनच्या यहुदी समाजाने त्सुन्झला पाचारण केले. त्याने काही महिन्यांत यहुद्यांच्या नावांचा इतिहासच लिहून काढला. बाबिलोनी, फारसी, ग्रीक, लॅटिन, अरबी, जर्मन अशा ज्या ज्या भाषांच्या प्रदेशात यहुदी राहिले, तेथील नावे त्यांनी घेतली, हे त्याने पुराव्यानिशी मांडले. नाव ही कोणा एका धर्माची मिरास नसते, असा त्याचा आशय. शंभर वर्षांनी, ऑगस्ट १९३८ मध्ये, नाझींनी यहुदी पुरुषांना 'इस्राएल' आणि स्त्रियांना 'सारा' हे जादा नाव सक्तीचे केले, तेव्हा त्या छोट्या पुस्तकाचे मोल पुन्हा कळले.

१३/
१८४८ चे वर्ष उजाडले. क्रांतीने बर्लिनचे रस्ते भरले. त्सुन्झ लोकशाहीवादी होता. मार्चमध्ये पडलेल्या हुतात्म्यांच्या स्मरणार्थ तो बोलला, निवडणुकीत मतदार-प्रतिनिधी म्हणून निवडूनही आला. हीच वेळ, असे मानून त्याने जुलैमध्ये प्रशियाच्या शिक्षण मंत्रालयाकडे अर्ज केला. मागणी एकच होती: बर्लिन विद्यापीठात यहुदी इतिहास व वाङ्मयाचे एक अध्यासन असावे. राज्य यहुद्यांविषयी कायदे करते, तर त्यांच्याविषयीचे ज्ञानही राज्याने बाळगायला हवे, हा त्यामागचा युक्तिवाद.

१४/
मंत्रालयाने विद्यापीठाचे मत मागवले. तत्त्वज्ञान शाखेने नकार दिला. कारणमीमांसा मोठी विलक्षण होती. यहुदी इतिहास सामान्य इतिहासातच शिकवता येईल. रब्बी घडवणे हे विद्यापीठाचे काम नव्हे. आणि यहुद्यांचे वेगळेपण दृढ करणारे स्वतंत्र अध्यासन नव्या समतेच्या युगाशी विसंगत ठरेल. १८२२ मध्ये सांगितले गेले, तुम्ही समान नाही म्हणून पद नाही. १८४८ मध्ये सांगितले गेले, आता तुम्ही समान आहात म्हणून अध्यासन नाही. दोन्ही वेळा दार बंदच राहिले.

१५/
त्सुन्झ ५५ वर्षांचा असताना त्याची अध्यापनशाळाही बंद पडली. अल्प निवृत्तिवेतनावर त्याने पुढची वर्षे मध्ययुगीन हिब्रू प्रार्थनाकाव्याला वाहिली. हस्तलिखिते पाहण्यासाठी लंडन, ऑक्सफर्ड, पॅरिस आणि पार्मा येथे प्रवास केला. १८२२ मध्ये विवाह झालेली पत्नी आडेलहाइड १८७४ मध्ये वारली आणि त्यानंतर त्याच्या हातून फारसे लेखन झाले नाही. १८८६ मध्ये ९१ व्या वर्षी तो गेला. यहुदीविद्येचा जनक आयुष्यात एकदाही कोणत्या विद्यापीठाचा प्राध्यापक झाला नाही.

१६/
त्याचा शिष्यवत सहकारी मोरित्स श्टाइनश्नायडर याची कथा आणखी कठोर. १८१६ मध्ये मोराव्हियात जन्मलेल्या या माणसाने ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयातील हिब्रू छापील ग्रंथांची प्रचंड लॅटिन सूची केली. लायडन, म्युनिक, हँबर्ग, बर्लिन येथील हस्तलिखितांच्या सूच्या केल्या. १८९३ चा त्याचा ग्रंथ मध्ययुगातील हिब्रू भाषांतरांवर आहे. अरबी ज्ञान हिब्रूतून लॅटिन युरोपात कसे गेले, याचा तो नकाशाच होय.

१७/
या नकाशात भारताचीही एक वाट आहे. पंचतंत्राच्या कथा पहलवीतून अरबीत 'कलीला व दिम्ना' या नावाने गेल्या. अरबीतून त्या हिब्रूत उतरल्या. त्या हिब्रू पाठावरून तेराव्या शतकात कापुआच्या योहानने लॅटिन भाषांतर केले आणि तेथून त्या कथा युरोपच्या अनेक भाषांत पसरल्या. करटक-दमनकांना युरोपच्या दारी पोहोचवणाऱ्या वाटेवर एक यहुदी भाषांतरकार उभा आहे. हे दुवे शोधायला हिब्रू, अरबी आणि लॅटिन या तिन्ही भाषा एकत्र जाणणारा अभ्यासक लागतो.

१८/
असा अभ्यासक बर्लिनमध्ये १८६९ पासून दोन दशके यहुदी मुलींच्या शाळेचा मुख्याध्यापक होता आणि राजकीय ग्रंथालयात साहाय्यकाचे काम करत होता. यहुदी धर्मशिक्षण संस्थांनी त्याला बोलावले. त्याने नकार दिला. त्याचे म्हणणे असे, की ही विद्या धर्मपीठाच्या आश्रयाने वाढली तर ती धर्मपीठाची दासी होईल; तिचे खरे घर विद्यापीठच. विद्यापीठाने घर दिले नाही आणि त्याने दुसरे घर स्वीकारले नाही. १९०७ मध्ये तो वारला तोवर ही कोंडी सुटली नव्हती.

१९/
इतरांनी निराळा मार्ग धरला. सरकार जागा देत नसेल, तर स्वतःची संस्था काढावी. १८५४ मध्ये ब्रेस्लाऊ येथे एका व्यापाऱ्याच्या मृत्युपत्रातील देणगीतून यहुदी धर्मशास्त्राचे विद्यालय सुरू झाले. यहुद्यांचा बहुखंडी इतिहास लिहिणारे हाइनरिख ग्रेट्स तेथे शिकवत. १८७२ मध्ये बर्लिनमध्ये यहुदीविद्येचे उच्च विद्यालय निघाले. त्यामागे आब्राहाम गायगर होते. यहुदी धर्मशास्त्राची विद्यापीठीय शाखा हवी, असा लेख त्यांनी १८३६ मध्येच लिहिला होता. सरकारी अनुदान नाही, समाजाच्या वर्गणीवर सारा डोलारा.

२०/
या बर्लिनच्या संस्थेच्या नावाकडे लक्ष द्यावे. जर्मन भाषेत तिचे नाव 'होखशूले' म्हणजे उच्च शिक्षणसंस्था. १८८३ मध्ये सरकारने हा शब्द वापरण्यास मनाई केली. संस्थेला 'लेहरआन्श्टाल्ट', म्हणजे नुसती शिकवण्याची जागा, असे म्हणवून घ्यावे लागले. पहिल्या महायुद्धानंतर जुने नाव परत मिळाले. नाझींनी सत्तेवर येताच ते पुन्हा हिरावले. कागदावरचा एक शब्द, पण पुढे त्याच शब्दापाशी माणसांचे प्राण अडकले.

२१/
याच काळात मुंबईत काय चालले होते? १८३२ मध्ये स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी मराठीतून हिब्रू व्याकरणाची मूलतत्त्वे प्रसिद्ध केली, ती कोकणातील बेने इस्राएल समाज डोळ्यांपुढे ठेवून. त्या समाजातील जोसेफ एझेकिएल राजपूरकर डेव्हिड ससून संस्थेच्या शाळेचे दीर्घकाळ मुख्याध्यापक होते. त्यांनी हिब्रू प्रार्थनांची मराठी भाषांतरे केली. मुंबई विद्यापीठात ते हिब्रूचे परीक्षक आणि पुढे फेलो झाले. धर्म न बदलता हिब्रूच्या अभ्यासकाला विद्यापीठात मान मिळाला, ही गोष्ट त्सुन्झच्या बर्लिनशी ताडून पाहण्यासारखी आहे.

२२/
मुंबईचे चित्र मात्र निर्मळ म्हणून रंगवू नये. विल्सन यांचा हेतू धर्मप्रसाराचा होता, आणि हिब्रू ही परीक्षेची भाषा होती, बेने इस्राएलांचा इतिहास हा अभ्यासविषय नव्हता. तो इतिहास लिहिला हाइम सॅम्युएल केहीमकर यांनी, कोणतेही विद्यापीठीय पद नसताना. मुंबईत समाजाची शाळा काढणारे हेच गृहस्थ. १८९७ मध्ये पूर्ण झालेले त्यांचे हस्तलिखित त्यांच्या हयातीत छापले गेले नाही. ते तेल अवीवमध्ये प्रसिद्ध झाले १९३७ साली. चाळीस वर्षे एका समाजाची स्मृती हस्तलिखितातच राहिली.

२३/
इंग्लंडमध्ये १८७१ च्या कायद्याने विद्यापीठांतील धर्माची अट उठली. केंब्रिजमध्ये आधी सॉलोमन शिलर-झिनेसी आणि त्यानंतर रुमानियात जन्मलेले सॉलोमन शेक्टर यांना तालमूदच्या अध्यापनाचे पद मिळाले. १८९६ च्या अखेरीस शेक्टर कैरोला गेले. तेथील एका प्राचीन प्रार्थनागृहाच्या कोठीत शेकडो वर्षे टाकून दिलेले कागद साठले होते. त्यांनी सुमारे १ लाख ९३ हजार तुकडे केंब्रिजला आणले. हाच तो 'गेनिझा' संग्रह.

२४/
त्या तुकड्यांत व्यापाऱ्यांची पत्रे होती आणि त्यांतील काही वाटा थेट भारताच्या पश्चिम किनाऱ्याला येतात. बाराव्या शतकात मंगळूरला राहणारा अब्राहाम बेन यिजू, भडोच आणि ठाण्याची नावे, मिरी, लोखंड, पितळेची भांडी, समुद्री चाचे, असे सारे त्यात आहे. एस. डी. गोइटाइन यांनी अर्धे आयुष्य खर्चून ही पत्रे वाचली. ठाणे बंदराच्या मध्ययुगीन इतिहासाचे धागे कैरोच्या रद्दीत आणि केंब्रिजच्या कपाटात सापडावेत, हे एका अध्यापनपदाचे फळ आहे. पद नसते, तर शेक्टर केंब्रिजमध्ये नसते.

२५/
विसाव्या शतकात दारे हळूहळू किलकिली झाली. डिसेंबर १९२४ मध्ये जेरुसलेमला यहुदीविद्येची संस्था सुरू झाली आणि १ एप्रिल १९२५ रोजी हिब्रू विद्यापीठाचे उद्घाटन झाले. गेर्शोम शोलेम हा बर्लिनचा तरुण तेथे प्रथम ग्रंथपाल होता. पुढे यहुदी गूढवादाचा जगन्मान्य अभ्यासक झाला. १९२५ मध्येच हार्वर्डमध्ये लिटाउअर घराण्याच्या देणगीतून अध्यासन उभे राहिले आणि हॅरी वुल्फसन त्यावर बसले. त्याआधी वुल्फसन हार्वर्डमध्ये शिकवत होते खरे, पण त्यांच्या वेतनाची तजवीज बाहेरच्या देणगीदारांकडून करावी लागे.

२६/
१९३० मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात सालो बारोन यहुदी इतिहासाचे प्राध्यापक झाले. अध्यासन कोणत्या विभागात असावे, हा प्रश्न निघाला. बारोन यांचा आग्रह होता, इतिहास विभागात. यहुद्यांचा इतिहास धर्मग्रंथांच्या कोपऱ्यात न राहता सर्वसामान्य इतिहासाचा भाग व्हावा, हेच तर त्सुन्झचे स्वप्न. यहुदी इतिहास म्हणजे केवळ अश्रूंची मालिका नव्हे, हे बारोन यांनी १९२८ मध्येच मांडले होते. पुढे त्यांचे आईवडील पोलंडमध्ये नाझींच्या हातून मारले गेले. १९६१ मध्ये आइखमानच्या खटल्यात ते इतिहासकार म्हणून साक्षीला उभे राहिले.

२७/
आता पुन्हा १९३८ कडे. हिब्रू युनियन कॉलेजचे अध्यक्ष ज्युलियन मॉर्गेनस्टर्न यांनी युरोपातील यहुदी विद्वानांना नोकऱ्या देऊन सोडवण्याची योजना आखली. अमेरिकेच्या १९२४ च्या कायद्यात एक फट होती: गेली दोन वर्षे उच्च शिक्षणसंस्थेत अध्यापन करणाऱ्या आणि तेच काम करण्यासाठी येणाऱ्या प्राध्यापकाला कोट्याबाहेर प्रवेश मिळे. म्हणजे व्हिसा हवा तर आधी 'प्राध्यापक' असायला हवे. शंभर वर्षे ज्यांना हे पद नाकारले गेले, त्यांच्या वारसांकडे आता त्या पदाचा दाखला मागितला जात होता.

२८/
बर्लिनच्या संस्थेला नाझींनी 'लेहरआन्श्टाल्ट' ठरवले होते. अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या व्हिसा विभागाने तो दर्जा प्रमाण मानला. खालच्या दर्जाच्या संस्थेतून वरच्या दर्जाच्या संस्थेत येणारा अध्यापक सवलतीस पात्र नाही, असा अर्थ लावला गेला. छळ करणाऱ्या राजवटीने केलेली अवनती छळातून सुटू पाहणाऱ्यांच्या विरोधात पुरावा म्हणून वापरली गेली. यात कोणाचा क्रूर हेतू असेलच असे नाही. नियमाचे शब्द पाळले गेले, एवढेच; आणि तेवढ्याने काम झाले.

२९/
काही जण सुटले. आब्राहाम योशुआ हेशेल यांना १९३८ च्या ऑक्टोबरात जर्मनीतून पोलंडला हाकलले होते. ते लंडनमार्गे १९४० मध्ये अमेरिकेला पोहोचले, आणि १९६५ मध्ये सेल्माच्या मोर्चात मार्टिन ल्यूथर किंग यांच्यासमवेत चालले. बर्लिनच्या संस्थेतील ज्येष्ठ अभ्यासक इस्मार एल्बोगेन यांच्यासाठी चार अमेरिकी संस्थांनी मिळून वेतन उभे केले. आर्थर श्पानियर हॉलंडला गेले. तेथे जर्मन सैन्य आले. १९४४ मध्ये बेर्गेन-बेल्सनच्या छावणीत त्यांचा मृत्यू झाला.

३०/
बर्लिनच्या संस्थेत फ्रान्झ काफ्काने १९२३ मध्ये व्याख्याने ऐकली होती. रेगिना योनास हिने तेथे शिक्षण घेतले आणि १९३५ मध्ये ती रब्बी झाली. पुढे आउशविट्झमध्ये तिचा अंत झाला. लेओ बेक शेवटपर्यंत मोजक्या विद्यार्थ्यांना शिकवत राहिले. जुलै १९४२ मध्ये नाझींनी संस्था बंद केली. जानेवारी १९४३ मध्ये बेक यांना टेरेझिनच्या छावणीत नेले. ब्रेस्लाऊचे विद्यालय १९३८ मध्येच मोडले होते. यहुदीविद्येच्या जन्मभूमीत ती शिकवणारे कोणी उरले नाही.

३१/
युद्धानंतर या विद्येचे केंद्र अमेरिका आणि इस्राएलकडे सरकले. १९६६ मध्ये अमेरिकी महाविद्यालयांची पाहणी झाली तेव्हा या विषयाची पूर्णवेळ पदे साठीच्या आसपास होती. १९६९ मध्ये अभ्यासकांची स्वतंत्र संघटना स्थापन झाली आणि पुढील काही दशकांत अध्यासनांची संख्या झपाट्याने वाढली. ती बहुतांशी देणगीदारांच्या नावाची असतात. त्यामुळे जुना प्रश्न नव्या रूपात उभा राहतो: ज्याच्या पैशावर अध्यासन चालते, त्याच्या अपेक्षांपासून अभ्यासकाने किती अंतर राखावे? श्टाइनश्नायडरला धर्मपीठाविषयी वाटलेली शंकाही याच जातीची होती.

३२/
जर्मनीतही हे दार अखेर उघडले. हायडेलबर्गला १९७९ मध्ये यहुदी अभ्यासांचे 'होखशूले' सुरू झाले. ज्या शब्दावर दोनदा बंदी आली, तोच शब्द पाटीवर सन्मानाने लागला. २०१३ मध्ये पॉट्सडाम विद्यापीठात यहुदी धर्मशास्त्राची शाखा निघाली. गायगर यांच्या लेखापासून १७७ वर्षांनी जर्मन विद्यापीठाने त्यांची मागणी मान्य केली. तोवर ज्या समाजासाठी ती केली गेली होती, तो जवळजवळ नाहीसा झाला होता.

३३/
प्राध्यापकाची एक जागा म्हणजे कोणाच्या तरी उपजीविकेची सोय, असे वरवर दिसते. या इतिहासात तिचा अर्थ अधिक खोल आहे. कोणाचा भूतकाळ अभ्यासास योग्य मानायचा, याचा निर्णय त्या जागेतून होतो. त्सुन्झला अध्यासन मिळाले असते तर पुढचा संहार टळला असता, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. परंतु शंभर वर्षे नाकारलेला तो दर्जा १९३९ मध्ये एका माणसाला हवा होता. तो त्याच्या कागदपत्रांत नव्हता, आणि म्हणून त्याला अमेरिकेचे दार उघडले नाही.

(समाप्त)